दादाच्या छातीतलं पाणी

दादाच्या छातीतून पहिल्यांदा पाणी काढलं त्या दिवसापासून मी बधिर झाले होते. लोकांना तो खंबीरपणा वाटायचा. खंबीर कसली डोंबलाची! दातांच्या डॉक्टरकडे इंजेक्शन घेतल्यावर गाल आपला वाटत नाही ना, तसं सगळं अंग झालं होतं, इतकंच. शेजारच्या काकू जिन्यात गाठायच्या, हात हातात घ्यायच्या, "धीर धर गं बाई" म्हणायच्या, आणि मी त्यांच्या स्वेटरचं लोंबणारं बटण बघत उभी राहायचे. आता पडेल, मग पडेल. त्यांना वाटायचं मी रडू आवरतेय.

दादा म्हणजे माझा थोरला भाऊ. चष्म्याचं दुकान आहे त्याचं. लांबट, अरुंद, एका भिंतीवर फ्रेमा आणि समोरची सगळी भिंत आरशांची, त्यामुळे आत एकच गिऱ्हाईक असलं तरी दुकान भरल्यासारखं दिसतं. ही त्याचीच शक्कल. आई-बाबा लवकर गेले. मला त्याने वाढवलं, शिकवलं, आणि माझ्या तिरसट बोलण्यावरून माझं नाव 'खडूस' ठेवलं. खऱ्या नावाने त्याने मला शेवटची हाक कधी मारली ते मला आठवत नाही. कर्करोग त्याच्या फुप्फुसात होता. दोन तऱ्हांची औषधं देऊन झाली होती. दोन्ही काही दिवस चालली आणि मग चालेनाशी झाली. मग फुप्फुसाभोवती पाणी साठायला लागलं. श्वास अडला की पाठीतून सुई घालून ते काढायचे. बिअरच्या रंगाचं असायचं. असं मी नाही, तोच म्हणाला, आणि नर्सला हसू आवरेना.

आणि माझा धंदा काय, तर कर्करोगाच्या जिवंत पेशींचा तोल मोजणं. नशिबाला कधी कधी फारच पाचकळ विनोद सुचतात.

तोल म्हणजे काय ते दादाला मी फार पूर्वी एकदा दुकानात बसून समजावलं होतं. पेशी साखर खाते. त्या साखरेतून जो माल निघतो तो वाहायला तिच्या आत हमाल असतात, रेणूंएवढे बारीक. काहींच्या डोक्यावर ओझं, काही रिकामे. ओझं गोदामात टाकायचं, रिकामं परत फिरायचं, पुन्हा उचलायचं. भरलेले किती आणि रिकामे किती, हे प्रमाण नीट असलं की पेशीचं बरं चाललंय म्हणायचं. सगळेच ओझं घेऊन ताटकळत उभे राहिले की काम ठप्प. पूर्वी हे मोजायला पेशीला आधी मारून चिरडावं लागायचं, आणि मेलेलीचा तोल मोजून काय कपाळ कळणार? आता आम्ही पेशीच्या आतच एक चमकणारं प्रथिन बनवायला लावतो. ते हमालांना चाचपतं. दोन वेगळ्या प्रकाशांत ते कमी-जास्त चमकतं. त्या दोन चमका मोजायच्या, एकीला दुसरीने भागायचं, आणि संगणक त्या आकड्याला रंग देतो. निळं म्हणजे तोल ठीक. लाल म्हणजे ओझ्यांचा खच. पेशी आपली जिवंतच असते, तिला काही पत्ता नसतो.

"म्हणजे तू लोकांच्या घरात डोकावतेस," दादा म्हणाला होता.

"लोकांच्या नाही. पेशींच्या."

"त्यांना विचारतेस का आधी?"

तेव्हा त्याला काही झालेलं नव्हतं. आम्ही दोघंही खो खो हसलो होतो.

ज्या औषधाची ही गोष्ट आहे ते हमालांचं गोदाम बंद करतं. ते बाजारात आलेलं नाही, अजून चाचणीत आहे. हॉस्पिटलकडून आमच्या प्रयोगशाळेत रुग्णांच्या पेशी येतात, अर्थात त्यांच्या परवानगीने. आम्ही त्या बशीत वाढवतो, औषध घालतो, तोल ढळतो का बघतो आणि डॉक्टरांना कळवतो. त्यावरच सगळं ठरतं असं नाही, पण डॉक्टर ते मनावर घेतात, कारण औषध जालीम आहे. हॉस्पिटलात पडून राहायचं, ताप, उलट्या, तोंडभर फोड. काही जण रोगाच्या आधी त्या औषधानेच खचतात. दादाचे डॉक्टर उंच आहेत, वाकून बोलतात आणि आडपडदा ठेवत नाहीत. ते म्हणाले, "तुमच्या पेशी ऐकत असतील तर देऊ. नसतील तर मी आग्रह करणार नाही. जेवढे दिवस आहेत तेवढे घरी बरे जातील."

पणाला लागलं होतं ते एवढंच. दादाचे उरलेले दिवस हॉस्पिटलच्या खाटेवर जाणार की त्याच्या घरात.

नमुन्यांवर नाव नसतं, नुसती खूण असते. पण त्या सुमारास एकच नमुना आला, तोही बिअरच्या रंगाचा. आंधळ्यालाही कळलं असतं. मॅडम, म्हणजे आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख, मला केबिनमध्ये बोलावून म्हणाल्या, "तू याला हात लावायचा नाहीस."

"मग कोण लावणार? तुम्ही?"

मॅडमनी सूक्ष्मदर्शकाला हात लावून युगं लोटली होती. तो चालू कुठून करायचा हेही त्यांना सांगता आलं नसतं, आणि ते त्यांना पक्कं ठाऊक होतं. एरवी असं बोलल्यावर त्यांनी मला सोलून काढलं असतं. त्या दिवशी सोडून दिलं. मग अट घातली. मी मोजायचं, आणि आकडा निघेपर्यंत त्या शेजारी स्टूल टाकून बसणार. गुडघे दुखत असूनही त्या खरंच बसल्या.

सूक्ष्मदर्शकाची खोली म्हणजे खोलीच्या नावाने चिमूटभर जागा. काळे पडदे, एक खुर्ची, एक स्टूल, यंत्राभोवती प्लॅस्टिकची पेटी आणि त्या पेटीत माणसाच्या अंगाइतकी ऊब. दादाच्या पेशी पडद्यावर पहिल्यांदा दिसल्या तेव्हा मला काहीतरी वाटायला हवं होतं. माझ्या भावाच्या जिवावर उठलेल्या होत्या त्या. शिव्या घालाव्यात, बशी फरशीवर आपटावी. तसलं काही झालं नाही. चांगल्या चिकटल्यात तळाला, एवढंच मनात आलं. गुटगुटीत होत्या.

पेशी एरवी लाल पाण्यात वाढवतात. साखर, क्षार आणि आणखी बरंच काही घातलेलं ते पाणी तयार बाटलीत मिळतं. पण त्याचा लाल रंग स्वतःच थोडा चमकतो आणि चित्र गढूळ करतो. म्हणून मोजायच्या आधी लाल पाणी ओढून घ्यायचं आणि त्याजागी बिनरंगी पाणी घालायचं. त्यात क्षार आणि साखर, बस्स. आमच्याकडची ही रोजची रीत. दात घासताना आपण कधी विचार करतो का? तसाच याचाही कोणी करत नाही.

मीही केला नाही. लाल पाणी काढलं, बिनरंगी घातलं, औषध टाकलं आणि बसून राहिले.

पेशींच्या कडा आधी हिरवट झाल्या. मग पिवळ्या. मग आतपर्यंत लाल. एकेक करून सगळी बशी पेटत गेली.

"अगं, ऐकतायत की गं!" मॅडम म्हणाल्या आणि त्यांनी माझा खांदा असा दाबला की बोटं रुतली. त्यांच्या डोळ्यांना धार लागली होती. मी भागाकार तपासत होते. दुसरी बशी घेतली, तिसरी घेतली. सगळीकडे तेच. मॅडमनी लगेच डॉक्टरांना फोन लावला, आणि मी थेंब मोजायच्या पिपेटची वापरलेली टोकं कचऱ्यात टाकत उभी राहिले.

त्या संध्याकाळी मॅडमना विचारून मी ती चित्रं मोबाइलवर घेतली आणि दादाकडे गेले. त्याला आडवं होता येत नव्हतं, गुदमरायचा. म्हणून खिडकीजवळच्या आरामखुर्चीत उशा लावून दिवसरात्र बसलेला असायचा. वहिनी सकाळी दुकान सांभाळायची आणि दुपारपासून त्याला. तिने दार उघडलं आणि माझ्याकडे बघून काही न विचारता बाजूला झाली.

दादाने चष्मा कपाळावर चढवला आणि मोबाइल नाकाला लावून बघितलं.

"हे मी का?"

"हे तुझे भाडेकरू."

"भाडंबुडवे. आणि हे लाल म्हणजे काय?"

"लाल म्हणजे बोंबा मारतायत."

"मारू देत की." पण तो चित्राकडे बघतच नव्हता, माझ्याकडे बघत होता. वहिनीही बघत होती. "किती दिवसांनी हसलीस गं!" ती म्हणाली आणि तिने मला घट्ट मिठी मारली. मी हसले होते म्हणे. माझ्या तोंडाने काय केलं याची मला काही कल्पना नव्हती.

"बरं," दादा म्हणाला. "घेऊ या औषध."

डॉक्टरांनी सोमवार दिला. वहिनीने बॅग भरली. मऊ ब्रश आणला, कारण तोंडात फोड येतात हे तिने कुठूनतरी वाचलं होतं. सैल बाह्यांचे शर्ट, नवीन सपाता, प्यायच्या नळ्या. बॅग दाराजवळच्या बोळात ठेवली आणि येता-जाता तिच्यात काही ना काही कोंबत राहिली.

शनिवारी मला प्रयोगशाळेत जायची काही गरज नव्हती. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी काही मागितलं नव्हतं. पण घरी बसून मी काय करणार? भिंती बघणार? फ्रिजमध्ये दादाच्या छातीतलं पाणी उरलं होतं, पेशी काढून घेतलेलं, गाळून स्वच्छ केलेलं. माझ्या डोक्यात आलं की या पेशी राहत होत्या त्या याच पाण्यात. त्यांना याच पाण्यात लाल करून दाखवलं तर सोन्याहून पिवळं. डॉक्टरांच्या मनात काही किंतु असला तर तोही जाईल. पाण्याचा पिवळट रंग थोडी लुडबुड करणार होता, पण त्याची चमक आधी मोजून वजा करता येते. ती केली. बिनरंगी पाण्याऐवजी दादाचं पाणी घातलं. औषध टाकलं.

निळं.

मला वाटलं औषध टाकायचं विसरले. पुन्हा टाकलं. निळंच. दुसरी बशी घेतली, ताजं औषध घेतलं. पेशी आपल्या निळ्याशार, जणू काही घडलंच नाही. शेजारी बिनरंगी पाण्यातली बशी ठेवून बघितली, तर ती लालभडक. त्याच पेशी, तेच औषध, तोच मी मोजलेला थेंब.

मग मी उठले आणि बिनरंगी पाण्यात नाही असं काय असतं ते बघायला लाल पाण्याची बाटली फिरवून तिच्यावरचं बारीक छापलेलं वाचलं. आजवर शेकडो बाटल्या हाताळल्या असतील. पायरुवेट. साधा पदार्थ आहे, आपल्या रक्तात असतोच. पण हमालांच्या दृष्टीने ते मागचं दार. गोदाम बंद झालं तरी पायरुवेट असलं की ओझं त्याच्या गळ्यात मारायचं आणि मोकळं व्हायचं. लाल पाण्यात ते असतं. दादाचं पाणी तर रक्तातूनच पाझरलेलं, त्यातही ते होतं. नव्हतं ते फक्त आमच्या बिनरंगी पाण्यात, जे आम्ही चित्र स्वच्छ यावं म्हणून घालत होतो. मी त्या लाल झालेल्या बशीत किंचित पायरुवेट टाकलं. माझ्या डोळ्यांदेखत ती पिवळी झाली, हिरवट झाली आणि निळी होऊन गप्प बसली.

म्हणजे आम्ही त्यांना दार नसलेल्या खोलीत कोंडलं होतं आणि बघा कशा घाबरल्या म्हणून टाळ्या पिटल्या होत्या. दादाच्या छातीत दारंच दारं होती.

  मी हातमोजे काढले, हात धुतले, मॅडमना फोन केला. त्या घरच्या कपड्यांवरच आल्या. स्टुलावर बसल्या आणि मी सगळं पुन्हा त्यांच्यासमोर केलं, न बोलता. शेवटची बशीही निळी झाली.

"आणि याआधी ज्यांचं ज्यांचं कळवलं ते?" त्यांनी विचारलं.

"तेही याच पाण्यात मोजलं, मॅडम."

"अरे देवा." त्यांनी तोंडावर हात ठेवला. "इतकी डोकी इथे, आणि एकालाही सुचू नये? मलाही? मी काय नुसती सह्या करायला बसलेय का इथे?" मग त्यांनी स्वतःला सावरलं. "ते सगळं मी निस्तरते. आज, आत्ता. एकेकाला फोन करते. तू आधी घरचं बघ."

डॉक्टरांना त्यांनी माझ्यासमोरच फोन लावला. फोन स्पीकरवर ठेवून झालं ते सगळं सांगितलं. मग डॉक्टर म्हणाले, "तरीही त्यांनी मागितलं तर औषध देता येईल. नियमात बसतं. पण खरं काय ते ऐकून त्यांनी ठरवायचं. मी सांगू, की तुम्ही?"

"मी सांगते," मी म्हणाले. माझा आवाज असा होता की जणू घरी जाताना पाव आणते असं सांगतेय.

वहिनीने दार उघडलं. बॅगेवर आता एक छोटी उशीही ठेवलेली होती. मी तिला तिथेच बोळात, चपला न काढता, सगळं सांगून टाकलं. हमाल, गोदाम, मागचं दार, सगळं. तिने मधे एकदाही तोडलं नाही. शेवटी दार लोटून घेतलं, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

"ह्यांना सांगू नकोस."

"वहिनी—"

"नाही सांगायचं. एवढ्याशा बशीत काय होतं आणि माणसात काय होतं, त्याचा काय संबंध? तूच सांगायचीस ना, बशी म्हणजे माणूस नव्हे म्हणून?"

"परवाही बशीच होती गं. तेव्हा तू मला मिठी मारलीस."

"मारली. मग?" ती जवळजवळ किंचाळलीच, पण दबक्या आवाजात. "उमेद धरली तर काय पाप केलं? सोमवारपर्यंत तरी धरू दे की. तिकडे गेल्यावर काय व्हायचं ते होईल."

"तिकडे गेल्यावर त्याला उलट्या होतील, वहिनी. तोंड सोलून निघेल. पाणीही गिळता येणार नाही. आणि कशासाठी?"

 "तुला काहीच कसं होत नाही गं? सख्खा भाऊ आहे तुझा. दगड आहेस का?"

"असेन," मी म्हणाले. 

"जा मग. तूच सांग. माझ्या तोंडून नाही निघायचं." ती स्वयंपाकघरात गेली आणि तिने नळ सोडला.

दादा खिडकीशी बसून कुणाच्यातरी चष्म्याचा स्क्रू पिळत होता. मांडीवर रुमाल पसरलेला, त्यावर तो इवलासा पेचकस. स्क्रू सारखा निसटत होता, तरी सोडत नव्हता.

"काय खडूस, आज सुट्टी ना?"

मी वेताचा मोढा ओढून त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं. त्याला हमाल आठवत होते, त्यामुळे फार वेळ लागला नाही. आमची चूक झाली. ज्या पाण्यात मोजलं त्यात मागचं दार नव्हतं. तुझ्या पाण्यात आहे. तुझ्या पाण्यात औषधाने त्यांना काही होत नाही. मी बातम्या सांगाव्यात तसं सांगितलं, शेवटपर्यंत.

त्याने चष्मा रुमालावर ठेवला.

"म्हणजे सोमवारी नाही जायचं?"

"तुझ्यावर आहे. तू म्हणालास तर देतील."

"पण उपयोग नाही."

"म्हणजे आमच्या मोजणीप्रमाणे तरी—"

"ए, सरळ बोल की. मी काय परीक्षक आहे?"

"उपयोग नाही, दादा."

मी वाट बघत बसले. तो चिडेल, रडेल, निदान मान फिरवून खिडकीबाहेर बघत बसेल. मी सगळ्याची तयारी केली होती. त्याने काय केलं? डोकं मागे उशीवर टेकलं, जमेल तेवढा श्वास घेतला आणि हसला. तोंडभर.

"सुटलो बुवा!" तो म्हणाला. आणि आत हाक मारली, "अगं ए, ती बॅग उचल बघू बोळातून. माणूस अडखळून पडेल एखादं."

तेव्हा मला काय झालं कोण जाणे. पायांतून काहीतरी सरसरत वर आलं, कानशिलं तापली, दात आवळले गेले. क्षणभर मला कळेचना हे काय आहे. राग होता तो. इतक्या महिन्यांत पहिल्यांदाच मला काहीतरी वाटलं, आणि ते वाटलं कुणाविषयी, तर मरायला टेकलेल्या भावाविषयी. मी ताडकन उभी राहिले, मोढा कलंडला.

"हसतोस काय? लाज नाही वाटत? इतकी घाई झालीये का रे तुला आम्हाला सोडून जायची?"

स्वयंपाकघरातला नळ बंद झाला.

"घाई नाही गं," दादा म्हणाला. मधे थांबून त्याने श्वास घेतला. "दमलोय."

"मग आधी बोलायचंस! तोंड शिवलं होतं का? डॉक्टरांनी दहादा विचारलं तुला. घेऊ या कशाला म्हणालास?"

"तू ती चित्रं घेऊन आलीस ना." पुन्हा थांबला. "तू हसत होतीस. किती महिने तुझा चेहरा बघतोय मी, नुसता भिंतीसारखा. म्हटलं, हिला बरं वाटणार असेल तर जाऊ तिकडे. काढू थोडे दिवस. त्यात काय एवढं."

 माझ्यासाठी. तो ताप, त्या उलट्या, ते सोललेलं तोंड, अनोळखी खाट, हे सगळं तो माझ्यासाठी घेणार होता, कारण मी एकदा हसले होते. आणि मी तर हसलेही नव्हते, माझं तोंडच तेवढं हललं होतं. आज शनिवारी मी घरी भिंती बघत बसले असते, तर सोमवारी तो निमूटपणे गेला असता आणि तिथेच संपला असता. मला कधी कळलंही नसतं. मी लोकांना सांगत फिरले असते की दादा शेवटपर्यंत लढला हो. मला स्वतःची किळस आली आणि त्याची माया आली. मी खाली फरशीवरच बसले, त्याच्या पायांशी, आणि त्याच्या गुडघ्याला डोकं टेकलं. गुडघ्याचं हाड लागत होतं.

"बस कर, खडूस," तो म्हणाला. माझ्या डोक्यावर हात ठेवला. "मोढा सरळ कर आधी."

वहिनी दारात उभी होती. हात ओले, तसेच खाली सोडलेले. तिने सगळं ऐकलं होतं.  शेवटी आत येऊन तिने विचारलं, "अहो, खरंच दमलात?"

"खरंच गं."

"मला का नाही सांगितलंत?"

"तू बॅग भरत होतीस."

वहिनीने पदराला हात पुसावेत तसे ड्रेसला पुसले, टेबलावरचा स्वतःचा मोबाइल उचलला आणि डॉक्टरांना फोन लावला. मी म्हटलं, वहिनी, मी बोलते. तिने मान हलवली. खिडकीकडे तोंड करून उभी राहिली.

"हां, डॉक्टर, मी बोलतेय. सोमवारचं नको." तिचा आवाज अगदी खणखणीत होता. दुकानात गिऱ्हाइकाशी बोलते तसा. "नाही, नाही, नीट विचार करूनच. त्यांचं स्वतःचंच म्हणणं आहे... हो, शेजारीच बसलेत. श्वासासाठी काही देता येईल का तेवढं बघा. आणि दुखायला नको... नाही, हॉस्पिटलात नको. घरीच."

'घरीच' म्हणताना तिचा आवाज फुटला. फोन तसाच कानाला धरून ती उभी राहिली, पलीकडून डॉक्टर काहीतरी सांगत होते, ते तिने ऐकलं की नाही कोण जाणे. मी उठून तिच्याजवळ गेले आणि तिला धरलं. तिने मला धरलं. मग मलाही आवरेना.

"अरे वा, दोघी?" मागून दादा म्हणाला. त्याचा आवाज जड झाला होता. "चालू द्या तुमचं. मी जरा डोळे मिटतो."

आणि त्याला खरंच झोप लागली. कितीतरी दिवसांत तो असा झोपलेला पाहिला नव्हता, मान एका बाजूला, तोंड किंचित उघडं, पेचकस अजून बोटांत. वहिनीने तो हळूच काढून घेतला. आम्ही दोघी तिथेच खिडकीशी आवाज न करता रडत राहिलो, त्याची झोप मोडू नये म्हणून.